कवळीवाल्याने धरलेली जागा

कवळीवाला ठार बहिरा झाला, अशी कुजबुज आमच्या गल्लीत बरेच दिवस फिरत होती. या वयात रॉक कॉन्सर्टला गेला, भल्यामोठ्या स्पीकरच्या पुढ्यात उभा राहिला आणि दोन्ही कान घालवून आला म्हणे. सांगणारे वर हळहळायचे, "आम्ही बजावलं होतं त्याला." हे सांगणारे कोण, ते कळेलच.

कवळीवाला काही डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात आणि हा मागच्या खोलीत बसून दात तयार करतो. तिथे फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, सगळे आसपासच्या प्रतिष्ठितांचे. कुठला जबडा कुणाचा, हे तो मेला तरी सांगणार नाही. मी खोदून खोदून विचारून पाहिलंय. शिवाय माझी वरची कवळी त्याच्याच हातची, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलायचं तर त्याच्याच दातांनी बोलावं लागतं.

त्याला मित्र दोनच. एक औषधांच्या दुकानाचा मालक, म्हणजे केमिस्ट. दुसरा गाडी चालवायला शिकवतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात. कॉलेजात असताना तिघं केमिस्टच्या दुकानामागे खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांवर बसून एकाच बँडच्या कॅसेटी झिजवायचे. शब्द एकालाही कळत नव्हते, पण डोळे मिटून माना तिघंही हलवायचे. पुढे लग्नं झाली, मुलं झाली, डोक्यावरचं पीक गेलं, पण रविवारची बैठक मोडली नाही. कवळीवाल्याची बायको, आमची वहिनी, म्हणायची, "एखादी सवत असती तर भांडले तरी असते. या दोघांशी काय भांडू?"

तोच बँड निरोपाच्या दौऱ्यावर निघाला, शहराबाहेरच्या मैदानावर येणार असं कळलं, आणि कवळीवाला पुन्हा विशीतला झाला. तिकिटं त्यानेच काढली. तिघांना सारखे काळे शर्ट छापून घेतले, छातीवर पिवळी कवटी. कवटीचे दात स्वतः काढून दिले, बत्तीसच्या बत्तीस, अगदी सरळ. असे दात कुठल्या कवटीला असतात, देव जाणे.

"तू सकाळी जाऊन पुढे जागा धर, मी दुकान आवरून येतो," केमिस्ट म्हणाला.

"आणि माझे गुडघे तुला माहीतच आहेत," मास्तर म्हणाला.

माहीत होते. म्हणून कवळीवाला घडीच्या दोन खुर्च्या काखोटीला मारून गेला, दोघांसाठी दोन. स्वतः चादरीवर बसला.

जागा फक्कड मिळाली, स्टेज समोरच. ऊन चढलं. पाणी घोटघोटच प्यायला, कारण मुतारी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि उठला की जागा गेलीच. दुपारी 'निघालोच' असा निरोप आला, मग गर्दीत फोन चालेनासे झाले. आजूबाजूची पोरं सरकत सरकत चादरीवर आली.

"काका, या खुर्च्यांवर कोण बसणार? बँडवाल्यांचे सासरे?"

"माझे मित्र आहेत. येतायत."

दर थोड्या वेळाने कुणीतरी विचारायचं, हा तेच उत्तर द्यायचा. शेवटी शेजारच्या एका मुलीला दया आली आणि तीच लोकांना हटकू लागली, "तिथे नको, काकांचे मित्र येतायत."

दिवे लागले, गिटार कडाडली, मैदान उसळलं. खुर्च्या रिकाम्याच. तिसऱ्या गाण्याला कॅमेरा लोकांवरून फिरला आणि मोठ्या पडद्यावर स्टेजलगतची पासवाल्यांची खास जागा दिसली. तिथे दोन टकली नाचत होती. त्यातल्या एकाचे गुडघे असे उडत होते की विशीतल्या पोराने लाजावं.

"काका, बघा, अगदी तुमच्यासारखे शर्ट," मुलगी म्हणाली.

"हो. एकाच ठिकाणी छापलेत."

त्याने खुर्च्या मिटल्या, चादर पोरांना देऊन टाकली. तिघांचं लाडकं गाणं सुरू झालं तेव्हा तो गर्दीतून उलटा, बाहेर जायची वाट काढत होता.

रविवारी दोघं त्याच्या खोलीवर आले.

"रागावलास होय, लेका?" केमिस्ट म्हणाला. "औषध कंपनीच्या माणसाने पास दिले, दोनच. मी तिसरा मागितला होता."

कवळीवाला मेणात दात बसवत होता. "आधी बोलला असतास तर मीच म्हटलं असतं, जा."

मास्तर जबडे बघत राहिला. केमिस्ट मात्र बोलून गेला, "अरे, ते पास गेटवर चालतील याची खात्री कुठे होती? नसते चालले, तर तुझ्याकडे जागा होतीच की."

कवळीवाल्याने चिमटीतला दात खाली ठेवला आणि घासायचं यंत्र सुरू केलं. हातात घासायला काही नव्हतं. दोघं त्या घरघरीवर ओरडून काहीबाही बोलले आणि निघून गेले.

पुढच्या रविवारीही आले. यंत्र बंद होतं, तरी उत्तर नाही. मग यायचे थांबले. पण तिघांचं काय बिनसलं, हे लोक विचारणारच. खरं कुठल्या तोंडाने सांगणार? केमिस्ट गिऱ्हाइकाला गोळ्यांबरोबर बातमी बांधून देऊ लागला: स्पीकरने कान गेले बिचाऱ्याचे. मास्तर शिकाऊ माणसाला पहिल्या गिअरमध्येच सांगून टाकायचा.

वहिनी भडकली. "जागा धरायलाही हेच आणि त्या दोघांची लाज झाकायलाही हेच?" म्हणून तिने सगळं मला सांगितलं. मला सांगणं म्हणजे काय, ते तिला पक्कं ठाऊक आहे.

तरी मी खातरजमा केली. त्याच्या दाराबाहेर उभा राहून पुटपुटलो, "वरची कवळी बोलताना वाजते."

आतून आवाज आला, "मग कमी बोला, अण्णा."

कवळीवाल्याचे दोन्ही कान ठणठणीत आहेत. त्या दोघांशी त्याने बोलणं सोडलंय.