न उठवलेला राजा

लाखनीत हायवेलगतच्या दुकानांत मी पत्रकं वाटत होते, तेव्हा मामीचा फोन आला. "तुहे मामा गेले वो..." आणि रडण्याआधीच, "त्याहिले त्या दिवशी उठवलंच नाही ना!" मी अंधश्रद्धेविरुद्ध लिहिते. मामा हृदयविकाराने गेले, हे मला कळतं. तरीही त्या सिनेमावाल्यांवरचा माझा राग महिना उलटला तरी उतरलेला नाही.

धान कापून झालं की दिघोरीच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेतल्या रात्रीच्या नाटकात, सोमाजीमामा दरवर्षी त्याच जुन्या शोकांतिकेतला राजा व्हायचे. संशयापोटी पोटच्या पोराला मारणारा, सत्य कळल्यावर विष पिणारा. राजा सतरंजीवर कोसळला तरी पडदा पडत नसे. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी मामी मंचावर चढायची आणि लाजत म्हणायची, "सोमाजी, उठा!" खालून बाया ओरडायच्या, "मोठ्यानं बोल वो, राजा बहिरा हाय!" मामा उठून स्वतः सतरंजीची घडी घालायचे, मगच लोक घरी जायचे. मेलेल्याला मंचावर तसंच टाकून जायचं नाही, एवढीच रीत.

मग या नाटकावर सिनेमा काढायला शहरातून दिग्दर्शक आला. "शेवट जसाच्या तसा ठेवू," म्हणाला. मी म्हटलं, लिहून द्या. मामा खदखदून हसले. "आमच्या लीडरबाईले देव भेटला तरी ओळखपत्र मागन! काहून एवढा संशय? राजाचं काय झालं, पाहिलं ना?"

शूटिंगला मामी नवं लुगडं नेसून उभी. मामा कोसळले, 'कट' झालं, दिवे दुसरीकडे वळले. मामी पुढे सरकली तर दिग्दर्शक म्हणाला, "आजी, मध्ये येऊ नका, शोकांतिकेचा परिणाम जातो." परिणाम! नाटक कुणाचं? कुणीतरी सतरंजी गुंडाळून मामांच्या हातात कोंबली. घरी येताना मामा एवढंच बोलले, "मी अजून मेलेलाच आहो..."

आता तुमसरला सिनेमाचा खेळ आहे. मामीला सन्मानाने बोलावलंय. मला वाटतं, त्यांना तिचे अश्रू जाहिरातीला हवेत.

"मामी, फोटो काढतील तुझे."

"काढू दे. पडद्यावर ते पडले का मी खुर्चीवरूनच हाक मारीन."

मी सोबत जाणार आहे. कुणी तिला गप्प करून बघावंच, माझ्याशी गाठ आहे.

सतरंजी खाटेखाली तशीच गुंडाळलेली पडून आहे. परवा मी घडी घालायला बाहेर ओढली, तर मामीनं माझा हात धरला.

"राहू दे वो. अजून हाक मारली नाही."