उंदरांची जात
भिजलेल्या भुशाचा वास आला की मला परभणीच्या कॉलेजातली, मी प्रयोग-सहायक होतो तेव्हाची, उंदरांची खोली आठवते. पिंजरे साफ करणारे मामा नामांतराच्या दंग्यात घर जळाल्यापासून फारसं बोलत नसत. त्या दिवशी पांढऱ्या उंदराच्या पाठीवर प्रयोगासाठी लावलेली काळ्या उंदराची कातडी वाळून गळाली होती. वहीत नोंद करता करता मी म्हणालो, "दुसऱ्या जातीची कातडी अंगाला चालत नाही, मामा." त्यांचा हात थांबला. "म्हंजे जात कातडीत ऱ्हाती, सर?" मी गडबडलो. "उंदरांची जात वेगळी, मामा. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींचीच जोडी लावून केलेली, म्हणून त्यातले सगळे एकसारखे, एकमेकांची कातडी चालते. माणसाला तर सख्ख्या भावाचीही सहसा चालत नाही." "अन् ह्याला?" त्यांनी पांढऱ्या आईच्या आणि काळ्या बापाच्या करड्या पिलाकडे बोट केलं. "त्याला आईची, बापाची, दोन्ही चालतात." "दोनी बी?" ते कितीतरी वेळ त्या पिलाकडे बघत राहिले. हसले की काय, मला कळलं नाही. मी घाईघाईने वहीतलं 'जात' खोडून 'वाण' लिहिलं, तर म्हणाले, "कशाला खोडायलाव सर? खोडून जाती व्हय ती?" आता मीच हा धडा शिकवतो, आणि फळ्यापाशी गेलो की कोणता शब्द लिहावा ते मला अजून ठरवता येत नाही.