लाल पानांची पारख

कस्तुराबाईंनी भोसरीच्या एका कारखान्यात सतरा वर्षं गाड्यांच्या बंपरचा रंग तपासला. रंगात केसभर फरक दिसला तरी बंपर बाजूला. तो विभाग बंद पडला तेव्हा त्या चाकणजवळ रोहिदासशेठच्या पॉलीहाऊसवर कामाला लागल्या. तिथं हॉटेलांसाठी लाल पानांचं लेट्यूस पिकायचं.

यंदा शेठनी छपराचा प्लॅस्टिक कागद बदलला आणि पानं हिरवीच राहिली. हॉटेलवाल्यांनी माल परत पाठवला.

"बियाणंच खोटं निघालं," शेठ म्हणाले.

"बियाणं चांगलंय, शेठ. जरा इकडं या."

कोपऱ्यात कागद फाटला होता. नेमकी त्या फटीखालची चार रोपं लालभडक होती.

"खत तेच, पाणी तेच. फरक आहे तो उन्हाचा."

शेठना पटलं नाही. बाईंनी घरी दीक्षाला विचारलं. लेक वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होती.

"नवा कागद उन्हातले अतिनील किरण अडवत असणार," दीक्षा म्हणाली. "पानाच्या पेशीत एक प्रथिन असतं, जोडीजोडीनं राहणारं. हे किरण पडले की जोडी सुटते. सुटं झालेलं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि रंग बनवणारी जनुकं जागी होतात. लाल रंग म्हणजे पानानं स्वतःला वाचवायला केलेली सोय."

"म्हणजे त्याला उन्हाची खबरच लागली नाही."

"बरोबर."

दुसऱ्या दिवशी बाई शेठपुढं उभ्या राहिल्या. "काढणीआधी आठवडाभर रोपांच्या पिशव्या बाहेर उन्हात ठेवू."

"करपतील की."

"एकदम ठेवल्या तर करपतील. आधी दोन तास, मग रोज थोडं वाढवू. एक ओळ माझ्यावर सोडा."

शेठनी नाखुशीनंच मान हलवली. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस झाल्या. आठव्या दिवशी बाईंनी एक पान खुडून उजेडात धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "पास."

पानं थोडी लहान राहिली होती, पण जाड आणि कुरकुरीत. हॉटेलवाल्यांनी सगळी ओळ उचलली आणि आणखी मागितली.

पुढच्या हंगामात शेठनी दुकानातूनच फोन लावला. "कस्तुराबाई, कागद कुठला घेऊ?"

"अतिनील किरण आत सोडणारा मागा. आणि आधी नमुना आणा. त्याखाली चार रोपं लावून बघते, मग सांगते."

शेठ नमुना घेऊन आले.