खोकला आधी ऐकू यायचा

बारकी चार बहिणींतली धाकटी. अंगानं काटकुळी, म्हणून लहानपणी हे नाव पडलं, आणि लग्न झालं, केसांत रुपेरी तारा दिसायला लागल्या, तरी काही सुटलं नाही. नवराही तिला त्याच नावानं हाक मारायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आधी एकटाच परदेशात गेला, याच्या-त्याच्या खोलीत वळकटी टाकून राहिला, आणि स्वतंत्र घर मिळाल्यावर मगच त्यानं बायकोला बोलावून घेतलं.

घर जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघरात भरपूर उजेड, आणि झोपायच्या खोलीत भिंतभर लाकडी कपाट.

"एवढं मोठं कपाट घरमालकानं असंच ठेवलंय आपल्याला," नवरा खुशीत म्हणाला. "नशीबवान आहेस."

बारकीचे कपडे एका खणात मावले. बाकीचे खण उघडले की ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. तिनं डांबरगोळ्या टाकल्या आणि दार लोटून दिलं.

पहिल्या सकाळी नवरा कामावर गेल्यावर ती दूध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदार जाड भुवयांचा, गंभीर माणूस. तो काहीतरी बोलला, हिला अक्षर कळलं नाही, म्हणून ही नुसती हसली. त्यानं दूध पुढं सरकवलं आणि त्यावर एक पुडी ठेवली. मग स्वतःच्या छातीवर दोन बोटं आपटून दाखवली. पुडीवर चित्र होतं. खोकल्याच्या गोळ्या. बारकीनं मान हलवली, नको म्हणून हात केला, पण तो ऐकेना. पैसेही घेईना. बारकीला तर साधा सर्दी-पडशाचाही त्रास नव्हता.

ती परत आली तर तळमजल्यावरचं दार उघडं होतं आणि काठी टेकत एक म्हातारी बाहेर आली होती. बारकीला बघताच तिचा सुरकुतलेला चेहरा दिव्यासारखा उजळला. तिनं मनगट घट्ट धरलं आणि कसल्याशा नावानं हाक मारली. त्या सबंध देशात बारकीला बघून आनंदलेलं ते पहिलंच माणूस. त्या भाषेतले दोन-चार शब्द नवऱ्यानं शिकवले होते, त्यातला एक तिला आठवला.

"हो," ती म्हणाली.

म्हातारीनं तिला आत नेलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. चहा दिला. तेव्हापासून बारकी रोज तिथं जायला लागली. म्हातारी एकेका वस्तूवर काठी ठेवायची आणि शब्द सांगायची. चमचा, पडदा, उशी. बारकी तिला मनातल्या मनात आजी म्हणायची. आजी मात्र तिला त्याच परक्या नावानं हाक मारत राहिली.

फोनवर थोरल्या ताईला हे सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, "म्हातारं माणूस आहे, विसरत असेल. तुझं काय जातंय? आयतं माहेर मिळालं."

"अगं पण कुणाच्या तरी नावावर मी चहा पितेय."

"पी की! आम्हीही तुला बारकीच म्हणतो. आता कुठं आहेस बारीक?"

दोघी हसल्या, आणि तो विषय तिथंच राहिला.

पुढं बारकीला कामही मिळालं. दोन गल्ल्या सोडून कपडे धुऊन-इस्त्री करून देणारं दुकान होतं. तिथं पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं असली शिलाई असायची. इस्त्रीवर आणखी एक बाई होती, तीही बाहेरदेशची. दोघींची भाषा वेगळी, पण दोघींचं मोडकंतोडकं बोलणं एकमेकींना बरोबर कळायचं. बारकीचा जीव तिथं रमला.

घरी मात्र काहीतरी बिनसत चाललं होतं.

सुट्टीच्या एका दुपारी ती पलंगावर पडली होती. नवरा स्वयंपाकघरात नळाशी खुडबुड करत होता. इतक्यात खोलीत कुणीतरी खोकलं. कोरडं, दबलेलं, तोंडावर पदर धरून खोकावं तसं. बारकी उठून बसली. "तुम्ही खोकलात?" तिनं विचारलं.

"मी? नाही बुवा. तूच खोकलीस की."

ती 'नाही' म्हणायला गेली, आणि तेव्हाच तिच्या घशात खवखव उठली. ती खोकली. अगदी तसंच. कोरडं, दबलेलं.

त्यानंतर ते रोजचंच झालं. खोकला आधी ऐकू यायचा, मग तिला यायचा. कधी ऐकू येण्यात आणि येण्यात एवढं अंतर असायचं, की ती श्वास रोखून वाट बघत बसायची. आज चुकला वाटतं, असं म्हणेपर्यंत तो छातीतून वर यायचाच. आपण कुणाची तरी नक्कल करतोय असं तिला वाटायला लागलं, आणि ज्याची नक्कल करतोय तो माणूस याच खोलीत, कपाटाच्या बाजूला उभा आहे असंही.

डॉक्टरांनी छाती तपासली, औषध दिलं. उतार पडला नाही. ती पलंगाची बाजू बदलून झोपली. तरीही फरक नाही.

ताई म्हणाली, "तिकडं भुतंसुद्धा परदेशी असणार. त्यांना मराठीत शिव्या घाल, कळणारच नाहीत, पळून जातील." पण या वेळी ताईचा आवाज हसरा नव्हता. "नवऱ्याला सांगितलंस का?"

नवऱ्याला सांगायची हिंमत होत नव्हती. इतक्या वर्षांनी संसार जागेवर आला होता. त्यात भुताखेताचं खूळ कुठं काढायचं?

एका संध्याकाळी आजीकडे बसलेली असताना बारकीला जोराची उबळ आली. डोळ्यांत पाणी आलं. आजीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असंच झालं होतं तुला. लिफ्ट बंद होती, म्हणून खुर्चीत बसवून जिन्यानं खाली नेलं. मी या दारात उभी होते. तू हात हलवलास." एव्हाना बारकीला ती भाषा सगळी कळत होती. आजीनं तिचा गाल थोपटला. "बरी होऊन आलीस, बरं झालं."

"आजी, तुमच्याकडं माझा फोटो आहे?" बारकीनं विचारलं. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं.

आजीनं फडताळातून एक फोटो काढून दिला. याच खिडकीजवळच्या याच खुर्चीत एक बाई बसली होती. उंच, रुंद खांद्यांची, आखूड कुरळ्या केसांची. बारकीशी तिचं नखाएवढंही साम्य नव्हतं. फक्त रंग परका होता, बारकीसारखा.

"किती छान आलीयस," आजी म्हणाली.

बारकी तिथून निघाली ती थेट कोपऱ्यावरच्या दुकानदारासमोर जाऊन उभी राहिली. "आमच्या घरात आधी कोण राहत होतं?"

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "तुमच्यासारखीच बाहेरून आलेली बाई. एकटी. सारखी खोकायची. दवाखान्यात नेली, तिथंच गेली. खालच्या म्हातारीला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही."

"म्हणून तुम्ही मला गोळ्या दिल्या?"

"छे. त्या घरात आलात हे मला कुठं माहीत होतं?" त्याच्या भुवया एकत्र आल्या. "तुम्ही खोकत खोकत दारातून आत आलात. मी आवाज ऐकला आणि पुडी काढून ठेवली."

 त्या सकाळी बारकी एकदाही खोकली नव्हती.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. तो हसेल किंवा चिडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं दोन्ही केलं नाही.

"कामावर, शिलाई करताना खोकतेस?" त्यानं विचारलं.

ती थबकली. "नाही. तिथं कधीच नाही."

"ताईशी बोलायला खाली अंगणात जातेस, तेव्हा?"

"नाही."

"म्हणजे इथंच." तो उठला. "लिफ्टमध्ये आवाज आला की लोक म्हणतात, आत भूत बसलंय. मी पत्रा उघडतो तर उंदरानं वायर खाल्लेली असते. तू घाबरू नकोस असं मी म्हणत नाही. घाबर. पण आधी त्या कपाटाच्या पाठीमागं उघडून बघू."

त्यानं हत्यारांची पिशवी आणली. कपाट हलेना. खण रिकामे करून आतून पाहिलं तेव्हा कळलं, ते लांब स्क्रूंनी भिंतीला जखडलं होतं. भिंतीला कपाट जखडतात मान्य, पण एवढे स्क्रू? एकेक काढता काढता त्याला घाम फुटला. शेवटी दोघांनी मिळून कपाट ओढलं.

मागची भिंत काळी होती. जमिनीपासून छतापर्यंत बुरशी, ओलसर, लवदार, एखाद्या जनावराच्या अंगासारखी. वरून कुठला तरी नळ आतल्या आत झिरपत होता. पण बारकी मागं सरली ती त्यामुळे नाही. त्या काळ्या भिंतीवर, पूर्वी पलंग टेकत असेल तेवढ्या उंचीवर, एक स्वच्छ जागा होती. डोकं आणि रुंद खांदे. कुणीतरी किती तरी दिवस तिथं पाठ टेकून, बसून झोपलं होतं, आडवं झाल्यावर श्वास लागतो म्हणून. बुरशी सगळीकडे चढली होती, त्या आकारात तेवढी शिरली नव्हती.



"याला हे माहीत होतं," नवरा हळूच म्हणाला. "घरमालकाला. ती गेल्यावर त्यानं कपाट आणून ठोकलं."

बारकीनं पुढं होऊन त्या स्वच्छ जागेवर, खांद्याच्या ठिकाणी, तळवा ठेवला. भिंत गार होती. "आलं लक्षात," ती मराठीतच म्हणाली. "आम्ही जातो."

त्याच संध्याकाळी ते इस्त्रीवाल्या बाईच्या घरी मुक्कामाला गेले. नवऱ्यानं तक्रार केली, सरकारी माणसं येऊन बघून गेली, आणि घरमालकाला भिंत पाडावी लागली. दोघांना पुढं जवळच दुसरं घर मिळालं. लहान, पण कोरडं. बारकीचा खोकला आठवडाभरात ओसरला. नंतर तो ना आला, ना ऐकू आला.

आजीला भेटायला मात्र तिचे पाय वळेनात. कुणाच्या नावानं जायचं? अखेर एका दुपारी मन घट्ट करून तिनं दार वाजवलं. आजीनं दार उघडलं. डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहरा उजळला नाही.

"कोण पाहिजे?" आजीनं विचारलं.

बारकीला आधी धस्स झालं, मग छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. "तुमच्याकडेच आलेय," ती म्हणाली. "मी पलीकडच्या गल्लीत राहते. शिलाईचं काम करते. मला बारकी म्हणतात."

"बार-की," आजीनं तोंडात शब्द घोळवून पाहिला. तो तिला जड गेला. तिनं पुन्हा म्हणून पाहिला, आणि मग काठी बाजूला घेऊन दारातून सरकली. "भाषा छान बोलतेस. कुणी शिकवली?"

"सांगते," बारकी म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.