चौसष्टवर थांबलेला पारा

त्रिंबकमामा आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. आठ वर्षं हंगामी. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये त्यांना कायम करायचा कागद एकदाचा प्राचार्यांच्या टेबलावर पोचला, आणि तेव्हापासून मामांची झोप उडाली. "येवढी प्रॅक्टिकलं सुखरूप होऊ दे," असं ते नळ्या धुता धुता राजूरच्या गणपतीला विनवायचे.

परीक्षेत प्रत्येकाला एक द्रव मिळायचा. तो किती अंशांना उकळतो ते बघून त्याचं नाव लिहायचं. पण मामांची एक जुनी रीत होती. पाण्याचा ग्लास ठेवायच्या निमित्तानं ते जवळ येत आणि आकडा पुटपुटून जात. त्या दिवशीचा आकडा छप्पन्न होता, म्हणजे ॲसिटोन. आम्ही चौदा जण. बाराजणांनी पाऱ्याकडे बघितलंही नाही. मी बघितलं, पारा चौसष्टवर होता, तरी मी छप्पन्नच लिहिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

चौदावी इंद्रायणी, मेंढपाळाची मुलगी. ती अडून बसली.

"पोरी, छप्पन्न लिही. जल्दी कर."

"दोनदा घेतलं मामा. बराबर चौसष्टच येऊन राह्यलंय."

मामांना आता सकाळची बाटली आठवली. सकाळी ॲसिटोन कमी पडलं होतं आणि औरंगाबादचा माल आलेला नव्हता. मामांनी त्यात क्लोरोफॉर्म ओतून बाटली भरली होती. एक उकळतं छप्पन्नला, दुसरं एकसष्टला. मिसळलं तर मधेच कुठंतरी उकळेल, दोन अंशांसाठी कोण भांडतंय, असा त्यांचा हिशोब. भोकरदन आणि राजूरच्या मधे उतरायचं म्हणून बसावं आणि गाडी राजूरही मागं टाकून जालन्याकडे सुटावी, तसा पारा एकसष्टही ओलांडून पुढं गेला होता.

बाहेरून आलेले परीक्षक इंद्रायणीच्या टेबलापाशी थांबले. "तेराजणांचं छप्पन्न, तुझं एकटीचं चौसष्ट? आणि चौसष्टला उकळतं म्हणून मिथेनॉल लिहिलंस?" त्यांनी लाल पेन काढलं. पण आकडा तिनं खोडला नाही. मामा दोनदा पुढे आले, दोनदा मागे सरले.

"सायब, पोरीचं खरंय," मामा शेवटी म्हणाले. "म्या क्लोरोफॉर्म मिसळल्तं."

परीक्षकांनी स्वतः नळी तापवली. चौसष्ट.

"ही दोन एकत्र आली की एकमेकांना धरून ठेवतात. सुटायला आच जास्त लागते," ते म्हणाले. मग त्यांनी आमच्या वह्यांकडे बघितलं. "मग या तेरांना छप्पन्न कुठून मिळालं?"

आम्ही सगळ्यांनी माना वह्यांत घातल्या. मीही.

"म्याच सांगितलं," मामा म्हणाले. "पोरांचा काही कसूर न्हाई."

इंद्रायणीला पूर्ण गुण मिळाले. आम्हा तेरांची परीक्षा आठवड्यानं पुन्हा झाली, तेव्हा नळ्या भरायला नवा माणूस होता.