सिहोऱ्याच्या मंडईत ‘दुसरी पाळी’

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्या साली हर्षा जन्मली. बाप तेजराम चिखल्याच्या खाणीत उतरायचा. त्याची दुसरी पाळी लागली की दुपारपासून घर मोकळं, मग पोरीचा धिंगाणा. बँडमधली तिघंही शाळेपासून एका वर्गातली. हर्षा गायची, अंकुश गिटार झोडपायचा, धर्मेंद्र ड्रम. मोबाइलवर ऐकून जे शिकली, त्याला पॉप-पंक म्हणतात. चाल गोड, पण वेग उतारावरच्या ट्रकचा. बँडचं नावच ‘दुसरी पाळी’. गाणी स्वतःची, घरच्या बोलीतली. ही बोली स्टेजवर चालत नाही म्हणणारे शहाणे गावोगावी भेटले. घरी काय संस्कृतात भात मागतात?

दिवाळीनंतर मंडया, म्हणजे नाचगाण्याच्या जत्रा, लागल्या. सिहोऱ्याच्या मंडईत गायचंच, असं हर्षानं ठरवलं. कमिटीचा खेमराज म्हणाला, “पह्यले फिल्मी गाणे म्हण, मंग तुह्या मनाचं.”

“फिल्मीवाले दुसरे बोलवा, भाऊ. आमी आमचंच गाऊ.”

“मंग घरी गाय.”

हर्षा घरी गेली नाही. थेट दंडारीच्या श्यामलालकडे गेली. दंडार म्हणजे गावचं नाचगाण्याचं नाटक; त्यात बायांची सोंगं बाप्येच घेतात. मधेच ते लुगडी नेसायला पडद्यामागे जातात अन् लोक भज्यांकडे पळतात.

“तेवढा वेळ आमाले द्या, मामाजी.”

“घे. पण लोकं पळाले त माह्यावर बोलू नोको.”

मंडईच्या दुपारी तिघं स्टेजवर उभी राहिली. गाणी होती तीन, तीही इवलीशी. घरी वेळ कोणी मोजला होता? त्यात धर्मेंद्र घाबरून असा सुटला की तिन्ही गाणी चुटकीसरशी संपली. पडद्यामागून श्यामलाल ओरडला, “अवो पोरी, माह्या निऱ्या बाकी हायेत! वाजव अजून!”

खेमराज साउंडवाल्याजवळ जाऊन उभा राहिला. “आता फिल्मी म्हण, नाही त माइक बंद.”

अंकुश कुजबुजला, “म्हणून टाक ना एखादं. पुन्हा कोण बोलावते आपल्याले?”

हर्षा धर्मेंद्रकडे वळली. “पह्यलंच पुन्हा वाजव.”

“तेच?”

“तेच!”

‘सायकल माही, रस्ता माहा, काहून हळू जाऊ?’

दुसऱ्यांदा बांगड्यांच्या दुकानावरच्या पोरी वळल्या. तिसऱ्यांदा त्याच ‘काहून हळू जाऊ’ ओरडायला लागल्या. खेमराजनं बटनाकडे हात नेला, तशी एक म्हातारी खेकसली, “ए बाबू, हात काढ तो!” भजी खाणारे कागदासकट परत आले. श्यामलाल अर्धं लुगडं खोचून, मिशीसकट बाहेर आला अन् नाचायलाच लागला. मग कोणाची बिशाद माइक बंद करायची?

कोणीतरी काढलेला व्हिडिओ गावोगाव फिरला. बपेऱ्यानं बोलावलं, मग तुमसरनं, मग नागपूरच्या कॉलेजांनी. पोस्टरवर तिघांचे फोटो लागले. तेजराम पाळीवर जाताना थांबून बघायचा.

पुढच्या दिवाळीत खेमराजचाच फोन आला. “हर्षाबाई, या औंदा. पण तेच सायकलवालं पायजे हं. दुसरं काही नोको.”

“आता नवे गाणे हायेत, भाऊ. नवेच गाऊ.”



“बरं,” खेमराज म्हणाला, “या मंग.”