लेगस्पिनरची बोलणी

अन्याय झाला तो आमच्या क्लबच्या एकोणचाळीस वर्षांच्या लेगस्पिनरवर. सत्त्याण्णव सालच्या मार्चमधल्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेतल्या अर्विंगमध्ये, क्लबच्या अध्यक्षांच्या घरी, जेवणं उरकल्यावर आणि चहा यायच्या आधी. मी तिथे होतो. वही माझ्या मांडीवर होती.

आमचा क्लब म्हणजे सॉकरच्या मैदानावर काथ्याची मॅट अंथरून दर रविवारी क्रिकेट खेळणारी माणसं. बहुतेक सगळे कॉम्प्युटरवाले, व्हिसावर आलेले. मी विद्यापीठात शिकत होतो, खेळता येत नव्हतं म्हणून स्कोअर लिहायचो, आणि लिहिता येतं म्हणून सेक्रेटरी झालो.

दर मार्चमध्ये जुन्या खेळाडूंना टिकवून धरायची धावपळ सुरू व्हायची. लीगचा नियम होता की दोन सीझनच्या फॉर्मवर सही केली की दुसऱ्या क्लबकडून खेळता येत नाही. शेजारच्या गावातला क्लब आमची अनुभवी माणसं ओढायला टपलेला. खेळायचे पैसे कुणीच देत नव्हतं. पण दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांच्या सॉफ्टवेअर कंपन्या होत्या, आणि व्हिसावरच्या माणसाला पैशापेक्षा मोठं काय देता येतं ते दोघांनाही माहीत होतं. ते फॉर्मवर लिहिलेलं नसायचं. त्यासाठी बैठक असायची.

ही बैठक अगदी लग्नाच्या बोलण्यांसारखी. खेळाडूने स्वतः काही मागायचं नाही. त्याच्या बाजूने एखादे वडीलधारे काका बोलणार. अध्यक्षांच्या बाजूने ते स्वतः आणि आणखी एकजण, मधले म्हणून दोघं. आधी जेवण. जेवताना विषय काढायचा नाही.

आमचा लेगस्पिनर नागपूरचा, मीही नागपूरचा, त्यामुळे तो माझा दादा. अध्यक्षांच्याच कंपनीत कामाला होता. व्हिसा सहा वर्षांचा, त्यातलं पाचवं चालू. मुलगी पाचवीत. ग्रीन कार्डची फाईल टाकली नाही तर सगळ्यांना परत जायचं. अध्यक्ष दोन वर्षं "करू, करू" म्हणत होते. शेजारच्या क्लबचा निरोप आला होता: आमच्याकडे या, क्लबात आणि कंपनीतही, आम्ही लगेच फाईल टाकतो.

म्हणून ही बैठक.

"काय मग, पोरगा परगावी द्यायचा म्हणताय?" एकजण म्हणाला.

"पोराचं वय बघा आधी. इथेच उजवलेला बरा," दुसरा म्हणाला. सगळे हसले. दादाही हसला.

दादाच्या बाजूचे काका घसा खाकरून म्हणाले, "आमची मागणी अशी काही नाही. फाईल तेवढी व्हावी."

"जूनच्या आत टाकतो," अध्यक्ष म्हणाले. "या पाच माणसांसमोर सांगतो. मला दोन सीझन द्या."

मी अध्यक्षांना म्हणालो, "काका, हे लिहून घेऊ का?"

"अरे, बोलणी झाल्यावर कागद मागतात का? उद्या सुपारीची पावती मागशील."

पुन्हा सगळे हसले. मी पेन बंद केलं. दादाने फॉर्मवर सही केली. मग चहा आला.

आता माझं सांगतो. नागपूरला आमच्या वस्तीत एक अभ्यासिका होती. तिथल्या मोठ्या पोरांनी मला पत्रकं लिहायला शिकवलं. त्यांचा नियम एकच: साहेब तोंडी काही कबूल झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापून चौकात लावायचं. मग साहेबाला मागे फिरता येत नाही. हॉस्टेलला पाणी आम्ही असंच मिळवलं होतं. ही युक्ती खोटी नव्हती. मी ती अर्विंगमध्ये आणली.

बुधवारी एक पानाचं पत्रक लिहिलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मथळा: शब्द दिलाय, आता पाळा. वार, वेळ, अध्यक्षांनी काय कबूल केलं, किती जणांसमोर. लेगस्पिनर, वय एकोणचाळीस, गाव नागपूर. नाव मुद्दाम घातलं नाही, तेवढी अक्कल होती. विद्यापीठाच्या लायब्ररीत साठ कॉप्या काढल्या आणि शनिवारी प्रॅक्टिस चालू असताना पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायपरखाली लावल्या. दोन इंडियन ग्रोसरीच्या बोर्डवर, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीशेजारी.

दादाला विचारलं नाही. विचारावं असं मनातच आलं नाही. व्हिसा त्याचा होता. माझा व्हिसा विद्यापीठाचा, माझं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"तू काय छापलंयस कळतंय का तुला? क्रिकेट खेळ, मी ग्रीन कार्ड देतो, असं इंग्रजीत छापलंयस. माझ्या वकिलाने वाचलं. तो म्हणतो, असला सौदा कायद्यात बसत नाही, या माणसाची फाईल आता हातातही घेऊ नका."

"म्हणजे फाईल टाकणार होतात ना?"

"कुठली फाईल? मी काही बोललोच नाही."

त्यांनी फोन ठेवला. मला राग आला असणार. आता आठवतं ते फक्त फोनच्या वायरला पडलेला पीळ. तो मी सोडवत बसलो होतो.

मग मी बैठकीतल्या लोकांकडे गेलो. जे ऐकलं ते दोन ओळीत लिहून सही द्या, एवढंच मागायला. एकजण म्हणाला, मी किचनमध्ये होतो. दुसरा म्हणाला, टीव्हीवर मॅच चालू होती यार, लक्ष नव्हतं. टीव्ही बंद होता. तिसऱ्याने दार उघडलं नाही, गाडी मात्र दारात होती. चौथे दादाच्याच बाजूने बोललेले काका. ते म्हणाले, "बाळा, माझा जावई त्याच कंपनीत आहे." अध्यक्षांच्या बायकोला मी दुकानात गाठलं. हातात कोथिंबिरीच्या जुड्या होत्या. काकू म्हणाल्या, "ऐकलं मी सगळं. पण माझी सही मागू नकोस रे." निदान खोटं बोलल्या नाहीत.

पाचवा मी. माझी सही कुणाला नको होती.

एप्रिलच्या मध्यावर दादाला सांगण्यात आलं की प्रोजेक्ट संपलं, दुसरं नाही. त्याने शेजारच्या क्लबला फोन केला तर तिकडचे म्हणाले, "तुम्ही तिकडे सही केलीत ना. आणि ते पत्रक आमच्याही ऑफिसात फिरलंय. सॉरी." आणखी चार कंपन्यांना विचारलं. जी घ्यायला तयार होती तिला वेळ हवा होता, आणि नोकरी गेली की व्हिसाला वेळ नसतो.

मी सामान बांधायला गेलो. वहिनी कुकर टॉवेलात गुंडाळत होत्या. माझ्याशी नेहमीसारखंच बोलल्या: जेवलास का, बस. मुलीने बुद्धाची छोटी मूर्ती मोज्यात घातली आणि विचारलं, "बाबा, इज इट फॉर द समर ऑर फॉर गुड?" दादाने तिला मार्कर दिला आणि म्हणाला, "खोक्यावर पुस्तकं असं लिही." तिने बुक्स लिहिलं.

मी खोकं दाबून धरलं, दादा टेप लावत होता.

"पत्रक चांगलं होतं तुझं," तो म्हणाला. "जोरदार."

मी पुढचं खोकं ओढलं.

"आधी दाखवलं असतंस तर एक ओळ काढायला लावली असती."

"कुठली?"

"माझी." मग म्हणाला, "दुसरी टेप दे. ही संपली."

मी टेप दिली. रडू आलं नाही, शरम वाटली असंही म्हणता येत नाही. हात काम करत होते. सात खोकी झाली. एअरपोर्टवर दुसऱ्याच कुणीतरी सोडलं, माझ्याकडे गाडी नव्हती. त्या रविवारी मी मैदानावर जाऊन स्कोअर लिहिला. का गेलो माहीत नाही. लेगस्पिनरच्या जागी कोण खेळलं तेही मीच वहीत लिहिलं. अध्यक्षांनी मला चहा विचारला. मी घेतला.

याला वर्ष होत आलं. लोक मला सांगतात की चूक तुझीच. माझी आहेच. ज्याच्यासाठी भांडलो त्यालाच विचारलं नाही, याला दुसरं नाव नाही. पण माझ्या चुकीने त्यांचा शब्द धुऊन निघत नाही. शब्द त्यांनी दिला होता. त्या शब्दावर त्यांनी दोन सीझनची सही घेतली होती. पत्रक नसतं तर जूनमध्ये फाईल टाकली असती का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि ते तसंच अंधारात राहावं म्हणूनच तर कागद नको असतो.

आता पुन्हा मार्च आलाय. अर्विंगमध्ये बोलणी सुरू झालीत, आणखी जिथे जिथे आपली माणसं रविवारी खेळतात तिथेही झाली असतील. तुमच्यापैकी कुणाला तरी बोलावणं येईल, मधला म्हणून, वडीलधारा म्हणून, की नुसतं जेवायला म्हणून. जा. पण ज्याचा व्हिसा पणाला लागलाय त्याला घरातून निघतानाच विचारा, तुला काय लिहून हवंय. तो सांगेल तेवढंच लिहा, एक शब्द जास्त नाही. आणि फाईल टाकल्याचा कागद त्याच्या हातात पडेपर्यंत त्याला त्या फॉर्मवर सही करू देऊ नका.